सगळ्यात कमी गुण वगळून

मी गणित शिकवते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची लाज नीट समजेल. सत्तावीस वर्षं शिकवतेय, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात. माहेर मुरगूडचं, सासर इथल्याच एका पेठेतलं, आणि तोंड असं की मी स्टाफरूममध्ये आले की लोक सावरून बसतात. फळ्यावर चूक करणाऱ्या पोराला मी सोडत नाही. अंदाजानं उत्तर ठोकणाऱ्याला तर मुळीच नाही. कागद घे, मांड, आणि मग बोल, हे माझं रोजचं पालुपद. आणि जिथं खरोखर कागद घ्यायला हवा होता, तिथं मी अंदाजानं बोलले.

आमच्याकडं वर्षाला चार टेस्ट होतात, वीस-वीस मार्कांच्या. चारींची सरासरी काढायची की काम संपलं. या सरासरीला एरवी कुत्रं विचारत नाही. पण मुलींच्या वसतिगृहाची यादी तिच्यावर लागते. विद्यापीठाचा निकाल कधी लागेल हे ब्रह्मदेवाला सांगता येत नाही, आणि वसतिगृहाला तर जूनमध्ये नावं हवी असतात. म्हणून टेस्टच्या सरासरीत ज्या पहिल्या दोन बाहेरगावच्या मुली येतील, त्यांना पुढच्या वर्षाच्या दोन कॉट. पहिल्या वर्षी बारावीच्या मार्कांवर आमच्या वर्गातल्या सहा जणींना ठेवून घेतात. दुसऱ्या वर्षी दोनच राहतात, बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं.

त्या वर्षीच्या सहांमध्ये शाहूवाडीच्या वरच्या अंगाची एक मुलगी होती. डोंगरातली वाडी, भाताची शेती, दोन म्हशी, घरात तिच्यापाठची दोन भावंडं. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत पायी यायचं, तिथं एसटी धरायची, पुढं गाडी बदलायची, असं करत कोल्हापुरात पोचायला तीन तास. बोलायला एकदम कमी. पण पेपर असा लिहायची की तपासताना माझा हात आपोआप हळू व्हायचा. एक पायरी गाळायची नाही, एक खाडाखोड नाही. वसतिगृहाचं तिला एकच कौतुक होतं, की संध्याकाळी सहानंतर कुणी हाक मारत नाही आणि पुस्तक उघडून बसता येतं. घरून ये-जा करावी लागली तर शिक्षण संपलं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. त्यामुळं ती दुसऱ्या वर्षाची कॉट मिळते की नाही, एवढाच खरा प्रश्न होता.

पहिल्या टेस्टला तिला अठरा पडले. दुसरी टेस्ट भात कापणीच्या दिवसांत आली. सुगीत घरी हात लागतात म्हणून ती गावी गेली होती आणि टेस्टच्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाली. बांबवड्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. ती वर्गात शिरली तेव्हा तासाच्या पेपरातली वीस मिनिटं उरली होती. मी तिला बस म्हटलं, तिनं धापा टाकतच लिहायला घेतलं. नऊ मार्क पडले. वीस मिनिटांत नऊ म्हणजे कमी नाहीत, पण कागदावर कुणी मिनिटं लिहीत नाही, मार्क लिहितात.

माझ्या जिवाला लागलं. एका बंद पडलेल्या एसटीपायी या पोरीची कॉट जाणार, हे मला पटेना. मी विभागाच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, तिला टेस्ट परत द्या. विभागप्रमुख म्हणाले, एकीला दिली तर उद्या साठ जण रांग लावतील, जे करायचं ते सगळ्यांना सारखं. मी तयारच होते. म्हटलं मग सगळ्यांना करा की. चारपैकी सगळ्यात कमी मार्कांची टेस्ट सोडून द्यायची आणि उरलेल्या तिन्हींची सरासरी धरायची. एक वाईट दिवस कुणाच्याही वाट्याला येतो, तो माफ. आणि वर मी छाती पुढं काढून म्हणाले, यात कुणाचंच नुकसान नाही, मार्क वाढले तर वाढतील, कमी तर कुणाचे होणार नाहीत.

संख्याशास्त्र शिकवणारे सर आहेत आमच्यात, शांत माणूस. त्यांनी विचारलं, मॅडम, मागच्या वर्षीच्या शीटवर लावून बघितलंत का? मी म्हटलं, सर, बेरीज-भागाकार मलाही येतो. ते हसले आणि चहा पिऊ लागले. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

नियम मंजूर झाला. मी स्वतः नोटीस लिहिली, सही ठोकली, वर्गाच्या ग्रुपवर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात समजावून सांगितलं. पोरांनी बाकं वाजवली. त्यांनी त्या नियमाला लगेच ‘माफी’ हे नाव दिलं. ती मात्र मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, बिचारी, आनंद दाखवताही येत नाही हिला. मी खुशीत घरी गेले आणि नवऱ्यालाही सांगितलं की आज एक चांगलं काम केलं.

आता कोल्हापुरात मार्चमध्ये काय असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्न करून पेठेत आले तेव्हापासून बघतेय. फुटबॉलचा हंगाम म्हणजे पेठेपेठेत झेंडे, गाड्यांवर झेंडे, घराघरात वितुष्ट. बायको एका पेठेची, नवरा दुसऱ्या पेठेचा असला तर त्या दिवशी स्वयंपाक वेगळा. पण टेस्टचं वेळापत्रक कॅलेंडर बघून लागतं, फुटबॉल बघून नाही. तिसरी टेस्ट मंगळवारी दुपारी तीनला लागली, आणि त्याच दिवशी चारला फायनल.

साठ पेपरांचा गठ्ठा घेऊन मी वर्गात गेले आणि दारातच थबकले. वर्गात अकरा जण होते. मला आधी वाटलं मी खोली चुकले. बाहेर येऊन पाटी बघितली. शिपायाला विचारलं, पोरं कुठं गेली? तो माझ्याकडं असा बघत राहिला की मीच कुठल्या परमुलखातून आलेय. म्हणाला, आज फायनल हाय की मॅडम. त्याचाही एक डोळा घड्याळावर होता.

एकोणपन्नास जण गैरहजर. एकोणपन्नास शून्यं. सत्तावीस वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. पोरांचा हिशेब सरळ होता. एक टेस्ट सोडून मिळणारच आहे, मग हीच सोडू. त्या अकरा जणांत ती होती, दुसऱ्या रांगेत, पेन काढून तयार. माझं डोकं फिरलं होतं, त्या अकरांनाच मी पाच मिनिटं झाडलं. म्हणजे जे आले त्यांनाच बोलणी. मास्तरांचा हा जुना रोग आहे.

संध्याकाळी घरी गेले तर दाराला कुलूप. नवरा, दीर, शेजारपाजार, सगळे मैदानावर. सात वाजता नवरा घसा बसवून आला. आमची पेठ हरली होती. मी सगळा राग त्याच्यावर काढला, पोरांना शिस्त नाही, अमुक नाही, तमुक नाही. तो शांतपणे पाणी प्यायला आणि म्हणाला, “तूच माफी दिलीस की. फायनलच्या तोंडावर पोरांना एक पेपर सोडून द्यायचा, आणि वर पोरं आली न्हाईत म्हणून बोंबलायचं. धन्य हाय तुझी.”

मी तरीही हजेरीच्याच रागात राहिले. शून्यांचं पुढं काय होणार, याचा विचार मनाला शिवला नाही. शून्य तर वगळलंच जाणार होतं.

एप्रिलमध्ये चौथी टेस्ट झाली, त्या दिवशी वर्ग भरलेला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात वसतिगृहानं नावं मागितली. मी दुपारी जेवून डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. चार रकाने, पाचव्यात सूत्र, सगळ्यात कमी गुण वगळून तिन्हींची सरासरी. मग अर्ज केलेल्या सात मुली वेगळ्या काढल्या आणि वरून खाली लावल्या. तिचं नाव तिसरं आलं.

मला वाटलं सूत्र चुकलं. पुसून परत घातलं. परत तिसरं. मग मी लॅपटॉप बाजूला सारला, वही घेतली आणि हातानं मांडलं. तिचे मार्क अठरा, नऊ, अठरा, सतरा. नऊ सोडले की उरतात त्रेपन्न, सरासरी पावणेअठराला जरा कमी. आधीच्या साध्या पद्धतीनं तिची सरासरी साडेपंधरा होती. म्हणजे दोनांहून जास्त वाढली. मग ती घसरली कशी?

तिच्यावर दोन नावं होती. त्यातली एक सीमेकडच्या गावातली, शेतकरी जैन घरातली, एकोणीस, अठरा, एकोणीस, अठरा. ती कुठल्याही पद्धतीनं वरच असणार होती, तिच्याबद्दल प्रश्नच नव्हता. दुसरी मुरगूडची. माझ्या माहेरची. पहिल्या वर्षी ती कोल्हापुरात मामाकडं राहत होती, पण मामाच्या घरात आता सून येणार होती, म्हणून तिनं वसतिगृहाला अर्ज केला होता. तिचे मार्क वीस, एकोणीस, शून्य, एकोणीस. ते शून्य फायनलच्या दिवसाचं. मामाच्या पेठेचा संघ खेळत होता, अख्खं घर मैदानावर, तीही तिथंच. साध्या सरासरीनं तिला साडेचौदा पडत होते, म्हणजे आमच्या शाहूवाडीच्या मुलीच्या एका मार्कानं मागं. शून्य वगळलं आणि ती सव्वाएकोणीसच्या वर गेली. एका उडीत जवळजवळ पाच मार्क. थेट पहिली.

मी त्या वहीकडं बघत बसले.  ज्या पोरीसाठी मी नियम आणला, तिला त्यातून दोन मिळाले आणि जिनं पेपरच दिला नाही तिला पाच. साधी सरासरी ठेवली असती, माझं तोंड बंद ठेवलं असतं, तर नऊ मार्कांसकट त्या मुलीला कॉट मिळत होती. मी मध्ये पडले आणि घालवली. कुणाचे मार्क कमी होणार नाहीत म्हणून कुणाचं नुकसान नाही, असं मी म्हणाले होते. नंबर असा लागतो का कधी? बाकीच्यांना स्टुलावर आणि एकीला पाटावर उभं केलं, तर तिची उंची वाढूनही ती खालीच की. हे पाचवीतल्या पोराला कळेल, ते मला कळलं नाही.

एक वाईट विचारही येऊन गेला, तोही सांगते. रजिस्टर माझ्याकडं होतं. वाटलं, नऊचं काहीतरी करावं. गणितवालीचा स्वभाव, लगेच मांडून बघितलं. नऊचे वीसपैकी वीस केले असते, तरी तिची सीमेकडच्या मुलीशी नुसती बरोबरी होत होती. खोटं करायचं म्हटलं तरी पुरत नव्हतं. मला माझीच किळस आली आणि मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं सर, नियम चुकलाय, जुन्या पद्धतीनं यादी लावा. त्यांनी फाईल काढून माझीच नोटीस माझ्यासमोर ठेवली. वर्षाच्या मध्यात नियम जाहीर केला, पोरं त्यावर विसंबली, आता यादी लागताना तो काढला तर मुरगूडच्या मुलीचे वडील उद्या इथं येऊन बसतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. “मॅडम, त्या पोरीनं नियम वाचला आणि वापरला. सही तुमची हाय.” मी माझी नोटीस परत फाईलमध्ये घातली आणि उठले. 

यादी लागली. स्टाफरूममध्ये लगेच कुजबुज सुरू झाली, की बाईंनी माहेरची पोरगी बरोबर वर काढली. हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवसांनी मुरगूडची मुलगी पेढे घेऊन आली, पाया पडली, म्हणाली तुमच्यामुळं सोय झाली मॅडम. गोड मुलगी आहे, हुशार आहे, तिचा राग यावा असं तिच्यात काही नाही. तरी तो पेढा मला गिळवेना. मी तो शिपायाला दिला.

मग मी शाहूवाडीच्या मुलीला बोलावलं. गणित विभागाच्या खोलीत दुपारी कुणी नव्हतं. मी काय सांगणार होते कुणास ठाऊक. चुकले म्हणणार होते बहुतेक, पण तोंडातून निघेना, म्हणून मी यादीचा कागद पुढं करून समजावायलाच लागले, हे बघ, तुझे नऊ गेले, तिचं शून्य गेलं. तिनं मध्येच मला थांबवलं.

“मला ठावं हुतं मॅडम. तुम्ही नियम सांगितला त्याच तासाला मी मांडून बघितलं. माझी माफी नवात संपली हुती. बाकीच्यांची शिल्लक हुती.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिनं यादीचा कागद घडी घालून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, “तुम्ही ते माझ्यासाठी केलं हुतं. त्यात खोट कशी काढू?”

 ती वहीत मान खाली घालून लिहीत होती तेव्हा ती हेच मांडत होती. अठरा वर्षांच्या पोरीनं दहा मिनिटांत कागदावर मांडलं, आणि मी बाकं वाजताना ऐकत उभी. तिला कळलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प राहिली. तिनं एक शब्द बोलायला हवा होता असं मी तिला म्हणाले, रागानं म्हणाले, आणि लगेच जाणवलं की माझ्यासमोर एक शब्द बोलायची हिंमत मी कुठल्या पोराला कधी दिली होती?

त्या आठवड्यातच तिचे वडील ट्रंक न्यायला आले. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, या की पावणं, बसा. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि पायाशी एक पिशवी ठेवली. त्यात पाचेक किलो तांदूळ होता, घरचा. म्हणाले, पोरीनं सांगितलं की बाईंनी तिच्यासाठी नियम केला, म्हणून आणला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी विचारलं. भांडण म्हणून नाही, खरोखर समजत नव्हतं म्हणून विचारलं. “मार्क वाढल्यात म्हंती पोरगी. मार्क वाढलं तर जागा कशी गेली वो बाई?”

मी कागद घेतला आणि त्यांना सांगू लागले. दोन्ही मुलींचे मार्क मांडले. ते वाकून बघत होते. मी शून्यावर बोट ठेवलं तेव्हाच ते मागं सरकले.

“असं व्हय,” ते म्हणाले. “म्हंजी आमच्या डेरीत सेक्रेटरीनं म्हटलं, दहा दिसांतलं सगळ्यांचं एकेक कमीतलं कमी फॅट सोडून देऊ, तर फायदा कुणाला? ज्यानं एक दिस निव्वळ पाणी घाटलं त्याला. आमच्या पोरीचं एकदा पातळ लागलं, तेवढंच तिचं सुटलं.”

बस्स. एवढंच. माणूस सातवी शिकलेला. मी पदव्युत्तर, सुवर्णपदकाच्या अगदी जवळ जाऊन आलेली, बैठकीत छाती पुढं काढून बोललेली. जे संख्याशास्त्राच्या सरांनी मला मांडून बघायला सांगितलं होतं ते या माणसाला डेरीच्या रांगेत उभं राहून ठाऊक होतं. ते मला टोमणा मारत नव्हते, हे जास्त लागलं. समजलं म्हणून त्यांचा चेहरा उलट मोकळा झाला होता.

मी म्हटलं, पोरीला माझ्या घरी राहू दे. आमची वरची खोली मोकळी आहे, माझा मुलगा पुण्याला असतो, दोन वेळचं जेवण काही जड नाही. मी मनापासून म्हटलं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, पावणी म्हणून चार दिस राहील की, पण वरीसभर मास्तरणीच्या घरात ठेवली तर लोक म्हणतील पेपर घरातच कळत्यात, आणि मग तिनं किती बी मार्क घेतलं तरी ते खरं न्हाईत.  माझ्याबद्दल तर कुजबुज सुरूच होती. भाड्याच्या खोलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली. मुलगी मागं गादीची वळकटी घेऊन होती. तांदूळ राहिला. तो मी चार महिने डब्यात तसाच ठेवला.

दुसरं वर्ष सुरू झालं. आमचा पहिला तास साडेसातला. ती पहाटे उठून डोंगर उतरायची, पहिली गाडी धरायची, आणि तरीही साडेआठ-पावणेनऊला वर्गात पोचायची. दारात उभी राहून “येऊ का मॅडम” म्हणायची, आणि मी ये म्हणायचे. आणि टेस्ट लागल्या त्या नेमक्या सकाळी आठला, कारण दुपारी प्रयोगशाळा भरलेल्या. मी वेळापत्रकवाल्यांना एकदा सांगून बघितलं की टेस्ट दुपारी घ्या. त्यांनी विचारलं, कुणासाठी? मी ‘असंच विचारलं’ म्हणून परत आले. पुन्हा एका मुलीसाठी सगळ्या वर्गाचं काही बदलायचं, आणि त्यातून पुन्हा तिच्याच डोक्यावर काय पडेल हे ठाऊक नाही. माझ्यासारखी भांडखोर बाई, पण मी घाबरले. सरळ सांगते, घाबरले.

नियम मात्र राहिलाच. मी तो काढा म्हणून अर्ज दिला, तेव्हा प्राचार्य म्हणाले की मुलांना फार आवडलाय, इतर विभागांनीही घेतलाय. आता सगळ्या कॉलेजात सगळ्यात कमी गुण वगळूनच सरासरी निघते. माझं नाव घेऊन सांगतात की बाईंची कल्पना.

तिचे दुसऱ्या वर्षाचे मार्क मला पाठ आहेत. पहिल्या टेस्टला बारा, दुसरीला अकरा, तिसरीला दहा. जेवढी मिनिटं मिळायची तेवढ्यात लिहायची. लिहिलेलं सगळं बरोबर असायचं, उरलेला पेपर कोरा. चौथ्या टेस्टच्या आधीच, मार्चच्या शेवटी, ती यायची थांबली. मी आठवडाभर वाट बघितली, मग फोन लावला. वडिलांनी उचलला. म्हणाले, “पोरगी आता येत न्हाय बाई. एवढ्या अंधारातनं एकटी किती दिस जायाची.” मी म्हटलं तिला फोन द्या. ते म्हणाले शेतावर गेलीय, सांगतो. तिचा फोन आला नाही, आणि मी परत लावला नाही.

परवा वर्षअखेरची शीट भरली. तिच्या चौथ्या रकान्यात मी शून्य टाकलं. सूत्र आधीच घातलेलं होतं. त्यानं नियमाप्रमाणे ते शून्य काढून टाकलं आणि तिन्हींची सरासरी पुढं मांडली, अकरा. आमच्याकडं आठला पास करतात. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या नावापुढं ‘उत्तीर्ण’ आलं. ती शीट आता ऑफिसात गेलीय, आणि ती वाचून पोरगी कॉलेज सोडून गेली हे कुणाला कळणार नाही. सगळ्यांना सुटतो तसा तिलाही एक वाईट दिवस सुटलाय.